'हुतात्मा' की 'रक्तसाक्षी'?

आडवाट:
रोमन काळातल्या ख्रिस्ती छळावरचा एक लेख मराठीत आणतेय. 'मार्टर' दिसला की 'हुतात्मा' लिहीत सुटले होते, प्लिनीपाशी अडले. बिथिनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) हा रोमन सुभेदार ११२च्या सुमारास सम्राट ट्राजानला कळवतो: आरोपीला तीनदा विचारतो, ख्रिस्ती आहेस का? तिन्ही वेळा 'हो' म्हटलं तर मृत्युदंड. नाही म्हणणाऱ्याने देवांना आळवायचं, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप-मद्य वाहायचं, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे, मग सुटका. आता 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पिलेलं. चिमूटभर धूप वाहायला नकार दिला म्हणून जे मेले, त्यांनाच 'हुत' म्हणायचं?

जुनी वही:
मूळ ग्रीक 'मार्टिस' हा कोर्टकचेरीतला शब्द, अर्थ साक्षीदार. त्यात मरण नाही. दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनालाही प्रेषितांची कृत्ये २२:२० मध्ये मराठी बायबल 'साक्षी'च म्हणतं. साक्ष देताना जीव जायला लागले तसा दुसऱ्या शतकात अर्थ सरकला. 'शहीद'चंही तेच, शहादत म्हणजे साक्ष. 'हुतात्मा' सावरकरांनी घडवला म्हणतात. त्यात साक्षीचा मागमूस नाही. फ्लोरा फाउंटनला तो शोभतो, तुमच्या लेखात मला तरी खटकेल.

वसईकर:
आमच्याकडे चर्चमध्ये 'रक्तसाक्षी' कानावर पडतो. गोन्सालो गार्सिया वसईचेच, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. अर्थात तो फार पुढचा काळ. पण शब्द तयार आहे, वापरा की.

कातरवेळ:
थांबा, 'हुतात्मा' इतक्यात मोडीत काढू नका. स्मिर्नाचा (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) म्हातारा बिशप पोलिकार्प आठवा, दुसऱ्या शतकाच्या मध्यावरचा. ख्रिस्ताला शाप दे, सोडतो, असं सुभेदार म्हणाला. पोलिकार्पचं उत्तर: ८६ वर्षं त्याची चाकरी केली, त्याने माझं कधी वाकडं केलं नाही. चितेवर खिळे ठोकू नका, तसाच उभा राहीन म्हणाला, म्हणून नुसते हात मागे बांधले. हे लिहून ठेवणारे त्याला मोठ्या कळपातून निवडलेल्या मेंढ्याची उपमा देतात आणि चक्क होमबली म्हणतात. वर, ज्वाळांतून धुपासारखा सुवास आला असंही लिहितात. म्हणजे 'हुत' ही कल्पना त्यांचीच.

आडवाट:
अरेच्चा! मग पोलिकार्प हुतात्मा, बाकीचे रक्तसाक्षी. आणि जे डगमगले त्यांचं काय? २५० मध्ये सम्राट डेसियसच्या हुकमाने सगळ्यांना बळी वाहून तसा लेखी दाखला घ्यावा लागला. इजिप्तच्या वाळूत असे पपायरस सापडलेत: मी देवांना नेहमीच बळी वाहत आलो, आत्ताही तुमच्या समक्ष वाहिला, प्रसाद चाखला, कृपया तशी सही द्यावी. आपल्या तहसीलमधला अर्जच वाटतो. अशांना लॅटिनमध्ये 'लाप्सी', घसरलेले. 'पतित' लिहू?

जुनी वही:
'पतित' म्हटलं की भलतेच अर्थ चिकटतात. 'साक्षी' धरलात तर जोडी आयती आहे: साक्षीदार फितूर झाला, असं आपण रोज पेपरात वाचतो. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनच्या हुकमावरून ज्यांनी पवित्र पोथ्या शिपायांच्या हवाली केल्या त्यांना तर 'फितूर' अगदी चपखल, कारण 'त्रादितोर' म्हणजेच हवाली करणारा.

कातरवेळ:
पण डेसियसच्या वेळी काहींनी बळी न वाहता पैसे चारून नुसता कागद मिळवला होता. २५१च्या उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सभेत तिथला बिशप सिप्रियन आणि इतर बिशपांनीही त्यांना वेगळं काढलं. खरोखर बळी वाहिलेल्यांना मरणशय्येवरच माफी, यांना मात्र एकेकाची चौकशी करून परत घ्यायचं. त्यांना फितूर म्हणवत नाही.

आडवाट:
त्यांना 'दाखलेवाले' लिहिते. तहसीलची आठवण झाली तर बरंच.