क्रूझवर सासूसासऱ्यांसाठी केबिन कोणती घ्यावी, आणि कॅसिनोच्या पॉइंट्सवर फुकट ट्रिप खरंच मिळते का?

मुलुंडची_मधुरा

नमस्कार मंडळी. सासूसासऱ्यांच्या लग्नाला जानेवारीत पन्नास वर्षं होतायत, हॉल-जेवणावळी दोघांनाही नकोय, त्यामुळे घरात सध्या क्रूझचं घाटतंय. दोन ऑप्शन आहेत. एक म्हणजे इथूनच कॉर्डेलिया कंपनीची मुंबई-गोवा-मुंबई, नाहीतर विमानाने सिंगापूर आणि तिथून मोठ्या जहाजाने मलेशिया-थायलंड. आम्ही सहा जण, आई-बाबा, आम्ही दोघं, मुलगा (वय ९) आणि माझे धाकटे दीर.

अडचण अशी की आईंना खोपोलीच्या पुढे घाट सुरू झाला की गाडी लागते, शिवाय गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. एजंट म्हणतो इंटिरिअर (म्हणजे बिनखिडकीची) घ्या मॅडम, रूममध्ये बसायचंय कुणाला. नवरा म्हणतो बाल्कनी नाही तर क्रूझ कसली. आणि दिरांचं भलतंच, ते म्हणतात सिंगापूरवालीच घेऊ, कॅसिनोत दोन रात्री बसलं की पॉइंट जमतात आणि पुढच्या वेळी केबिन फुकट, त्यांच्या ऑफिसातल्या कुणाला तरी मिळाली म्हणे. हे खरं असतं का? आणि केबिनचं काय करू? जाऊन आलेल्यांनीच सांगा प्लीज, यूट्यूबवर सगळे नुसते बुफे दाखवतात.

इंजिनरूम_भाऊ

मधुराताई, मी मर्चंट नेव्हीतला, म्हणजे माझा जन्म कार्गोवर गेला, पण पाणी सगळ्यांना सारखंच हलवतं. आईंना बोट लागणार असेल तर आधी डेकचा नकाशा उघडा, भाडं मग बघा. जहाज पुढेमागे झुलतं तेव्हा सगळ्यात जास्त वरखाली होतं ते पुढचं आणि मागचं टोक, मधला भाग त्यामानाने शांत. आणि डावीउजवीकडे डुलतं तेव्हा जितकं उंच जाल तितकं जास्त जाणवतं. म्हणजे खालचा डेक आणि लांबीच्या बरोबर मध्यावरची केबिन, जी बहुतेक वेळा स्वस्तही असते. लोक वरच्या डेकचे जास्त पैसे मोजून जास्त डुलायला जातात, त्याला कोण काय करणार.

इंटिरिअरबद्दल माझं मत एजंटपेक्षा वेगळं आहे. ज्याला मळमळतं त्याला क्षितिज दिसलं पाहिजे. कान सांगतो हलतंय, डोळ्याला समोर भिंत स्थिर दिसते, त्या भांडणातूनच मळमळ होते. खिडकीतून पाण्याची रेघ दिसली की दोघांचं जमतं. तेव्हा आई-बाबांना ओशन व्ह्यू. खिडकी उघडत नाही, पण दिसतं ना.

खालच्या डेकवर अगदी पुढची केबिन मात्र घेऊ नका. नांगर टाकताना साखळीचा जो आवाज होतो त्याने मेलेला माणूस उठेल, आणि धक्क्याला लागताना बाजूला ढकलणारे पंखे चालू होतात ते पहाटेच. अगदी मागे घेतलीत तर प्रोपेलरची थरथर.

बाकी मुंबईच्या फेऱ्या पावसाळ्यात बंदच असतात. जानेवारीत अरबी समुद्र शहाण्यासारखा वागतो, उगाच धसका घेऊ नका.

पार्ल्याची_प्राजक्ता

भाऊंनी बरोबर सांगितलंय, मी फक्त आवाजाचं सांगते कारण आमची त्यात झोप गेली. कंपनीचं नाव घेत नाही. आम्हाला 'गॅरंटी' केबिन मिळाली होती, म्हणजे तुम्ही फक्त प्रकार निवडायचा, इंटिरिअर की खिडकी की बाल्कनी, आणि नंबर कंपनी देणार, निघायच्या थोडे दिवस आधी. पैसे वाचतात हे खरं. आमच्या डोक्यावर नेमका स्विमिंग पूलचा डेक आला. पहाटे पाच वाजता वर आरामखुर्च्या ओढायला सुरुवात, खर्रर्र, थांबायचं, परत खर्रर्र, मग एक माणूस बादली आपटत जायचा, मग पाइपने पाणी. नवरा छताकडे बघून म्हणाला हे कोण शेजारी राहायला आलेत. तेव्हा नकाशात आपल्या केबिनच्या वर काय आणि खाली काय ते दोन्ही बघायचं. वर-खाली केबिनच असतील तर उत्तम. थिएटर, डिस्को, बुफे, किचन नको. लिफ्टपासून चारपाच दरवाजे लांब, आईंचा गुडघा आहे म्हणून त्याहून लांब नको, मोठ्या जहाजाचे कॉरिडॉर चालून संपत नाहीत.

अजून दोन गोष्टी आईंसाठी. बाथरूमच्या दाराला उंबरा असतो, चांगला उंच, रात्री अंधारात पाय अडकतो, मी आमच्या आईंसाठी बाथरूमचा लाइट चालू ठेवून दार किलकिलं ठेवायचे. आणि तिसरा-चौथा माणूस म्हणजे भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा बंक, शिडीने चढायचा. मुलाला मजा, आजीला नाही. तुम्ही सहा आहात तर आई-बाबांना खिडकी, समोरच्याच बाजूला इंटिरिअरमध्ये तुम्ही तिघं. दिरांचं काय ते दीर बघतील, एकट्या माणसाला बऱ्याच ठिकाणी जवळजवळ दोघांचं भाडं पडतं हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि खिडकी बुक करताना 'ऑब्स्ट्रक्टेड' लिहिलंय का बघा. समोर लाइफबोट लटकलेली असते, केशरी रंगाच्या बोटीचं पोट बघत बसायचं.

मुलुंडची_मधुरा

बापरे, एजंटने यातलं काहीच सांगितलं नाही. प्राजक्ता, मग बाल्कनी? नवरा ऐकत नाहीये.

पार्ल्याची_प्राजक्ता

मुंबई-गोव्याला बाल्कनीवर पैसे घालू नकोस असं माझं मत. ते कॉर्डेलियाचं एम्प्रेस जहाज १९९० चं आहे, तेव्हा बाल्कन्यांची फॅशन नव्हती, मोजक्याच आहेत आणि महागड्या केबिनना. वर उघडा डेक आहे की, चहा घेऊन उभं राहायचं. सिंगापूरच्या नव्या जहाजांवर बाल्कन्याच बाल्कन्या, तिथे विचार कर. खोली छोटी वाटेल म्हणून घाबरू नकोस, आपण मुंबईकर, दहा बाय दहात चार पाहुणे झोपवणारी माणसं.

गणिताचा_तास

कॅसिनोचं मी सांगतो, कारण मी खेळतो आणि हिशोबही ठेवतो, या दोन गोष्टी एका माणसात सहसा सापडत नाहीत.

दीर म्हणतात ते खोटं नाही, अर्धं आहे. सिंगापूरहून सुटणाऱ्या रॉयल कॅरिबियनचं उदाहरण घ्या, त्यांच्या कॅसिनोच्या क्लबचं नाव क्लब रॉयाल. मी गेलो तेव्हाचा नियम असा की स्लॉट मशीनवर ५ डॉलर फिरवले की १ पॉइंट, व्हिडिओ पोकरवर १० डॉलरला १. पहिली पायरी चॉइस, ती सगळ्यांना. दुसरी प्राइम, त्याला २,५०० पॉइंट. पुढे सिग्नेचर २५,००० आणि मास्टर्स १,००,०००. खऱ्या सवलती प्राइमपासून चालू होतात, कॅसिनोत बसल्यावर ड्रिंक फुकट वगैरे, आणि वर्षातून एक केबिन, तीही इंटिरिअर.

आता २,५०० गुणिले ५ म्हणजे १२,५०० डॉलर मशीनमधून फिरले पाहिजेत. फिरले, हरले नव्हे. तेच शंभर डॉलर जिंकत-हरत दहा वेळा आत गेले की हजार मोजले जातात. पण प्रत्येक फेरीला मशीन आपला हिस्सा कापतं. तो समजा शंभराला ८ ते १० धरला तर १२,५०० वर सरासरी हजार ते साडेबाराशे डॉलर गेले. रुपयात लाखाच्या आसपास नाहीतर वरच. ही तुमची 'फुकट' केबिन. शिवाय तिच्यावर टॅक्स, पोर्ट फी, टिप्स वेगळ्या, आणि मुंबई-सिंगापूर विमान कोण देणार? दिरांच्या ऑफिसातल्या माणसाला केबिन मिळाली असेलच, तो किती हरला ते त्याने डब्याच्या वेळी सांगितलं नसेल. कुणीच सांगत नाही.

टेबलवर हिशोब वेगळा. रूलेट, ब्लॅकजॅकला तुम्ही सरासरी किती लावता आणि किती वेळ बसता यावर तिथला सुपरवायझर रेटिंग देतो, म्हणून बसतानाच केबिनचं कार्ड द्यायचं, नाहीतर काहीच नोंद नाही. रूलेटला एक शून्य असलेलं चाक बघा, तिथे घराचा, म्हणजे कॅसिनोचा, हिस्सा २.७ टक्के, दोन शून्यांचं असेल तर ५.२६. ब्लॅकजॅकला पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झाले तर २ ला ३ देतात की ५ ला ६ (म्हणजे कमी) ते '३ ला २', '६ ला ५' असं टेबलावरच छापलेलं असतं, ६ ला ५ दिसलं की पुढे चालू लागायचं.

एक गंमत म्हणजे यांचं पॉइंटांचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, आपल्या इन्कम टॅक्सवाल्यांसारखं. मार्चच्या शेवटी जाऊन पॉइंट जमवायला बसलेले लोक मी बघितलेत, तीन दिवसांनी आकडा परत शून्यावर.

नाना_गिरगाव

तुमचं सगळं वाचून करमणूक झाली. आमच्या वेळी भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट सुटायची, केबिनबिबिन नाही, अप्पर डेक आणि लोअर डेक. सतरंजी टाकली की ती आपली जागा, आणि ती टाकण्यावरून भांडणं. लोअर डेकला इंजिनाचा वास आणि गरम, पण इंजिनरूम भाऊ म्हणतात ते खरं, डुलायचं कमी, जुनी माणसं तिथेच झोपायची. हर्णैला भर समुद्रात बोट उभी राहायची आणि होडीत उतरायचं, लुगडं सावरत म्हाताऱ्या बायका उतरायच्या, तुमच्या सासूबाईंना सांगा ऑपरेशन झालेला गुडघा कसाही चालेल.

अव्होमिनची गोळी बोट सुटायच्या आधी द्या. मळमळायला लागल्यावर देऊन उपयोग नाही, आणि झोप येते त्याने. बीपीच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. आवळासुपारी पर्समध्ये. पोट रिकामं ठेवायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, लोक उलटं करतात, ओकारी येईल म्हणून जेवतच नाहीत आणि मग जास्त होतं.

जुगाराबद्दल मला काही बोलायचं नाही. पत्ते आम्हीही खेळलो, गणपतीत, पाच पैसे पॉइंट.

मुलुंडची_मधुरा

नाना 🙏 आईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या माहेरी दापोलीला जायला आम्ही त्याच बोटीने जायचो, तेव्हा मला कुठे लागायची बोट. मग आता घाटात कशी लागते विचारलं तर म्हणे तुझा नवरा चालवतो म्हणून. 😅

गणितवाले सर, तुमची पोस्ट दिरांना फॉरवर्ड केली. ते म्हणतात मी स्लॉट खेळणारच नाही, मी ब्लॅकजॅकवाला. मुंबई-गोव्याच्या जहाजावर पण कॅसिनो असतो ना? मग त्यांना तिथेच बसवू.

गणिताचा_तास

असतो, पण बंदरात बंद. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आपली हद्द, तिथून बाहेर गेल्याशिवाय जहाजांवरचे कॅसिनो उघडत नाहीत, सिंगापूरहून निघालं तरी बंदरात बंदच. दीर चार वाजता पत्ते पिसायला तयार होऊन बसतील तर थांबावं लागेल. महाराष्ट्रात तर १९७६ साली कॅसिनोचा कायदाही झाला होता, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच केला. म्हणून सगळे गोव्याला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर पळतात.

दिरांना दोनच गोष्टी सांगा. रोख किती घेऊन जायचं ते केबिनमध्ये ठरवायचं, टेबलावर नाही. आणि केबिनचं कार्ड मशीनला लावून जहाजावरच्या खात्यातून पैसे काढायचे नाहीत. त्या कार्डाला भोक पाडून कुरळी दोरी लावून देतात, एक टोक शर्टाला, दुसरं मशीनमध्ये. मी एक काकू बघितल्या, गरम पाण्याची बाटली मांडीवर, दोरी मशीनमध्ये, रात्री जेवायला गेलो तेव्हाही तिथेच आणि जेवून आलो तेव्हाही. रोख दिसत नाही म्हणून जाणवत नाही, आणि बऱ्याच जहाजांवर असे खात्यातून पैसे काढण्यावर वर फी लागते. हिशोब शेवटच्या सकाळी दाराखालून येतो.

इंजिनरूम_भाऊ

कॅसिनोत सिगारेटचा धूर असतो बहुतेक ठिकाणी, आईंना त्या बाजूने नेऊ नका, मळमळीला धूर म्हणजे आमंत्रण. केबिन त्याच्या बरोबर वर येत नाही ना तेही बघा.

मुलुंडची_मधुरा

ठरलं जवळजवळ. मुंबई-गोवाच. सिंगापूरला व्हिसा, मल्टिपल एन्ट्री, विमान, एवढं सगळं आईंच्या गुडघ्यावर नको. एजंटला फोन करून नंबर मागितला तर म्हणतो केबिन नंबर नंतर कळेल मॅडम. मी म्हटलं मग पैसेही नंतर कळतील. तर दहा मिनिटांत डेकचा नकाशा व्हॉट्सॅपवर आला. खालच्या डेकवर मधोमध एक खिडकीवाली रिकामी आहे, वर-खाली केबिनच दिसतायत, समोर इंटिरिअर पण आहे. दीर म्हणतात मला आई-बाबांच्या केबिनमध्ये बंक टाका, भाडं वाचेल.

पार्ल्याची_प्राजक्ता

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला?? दिरांना मुलाच्या वरचा बंक दे तुमच्या खोलीत. चार जण चालतात का ते विचार फक्त, काही इंटिरिअर तिघांच्याच असतात. आणि इस्त्री, छोटी किटली बॅगेत टाकू नकोस, आगीच्या भीतीने तपासणीत काढून घेतात. कार्यक्रमाची साडी घरून इस्त्री करून ने.

नाना_गिरगाव

बोट सुटते त्या बॅलार्ड पिअरला जाताना सीएसएमटीहून टॅक्सी करा, अंतर कमी आहे म्हणून टॅक्सीवाला कुरकुर करेल, बसून घ्यायचं आणि मग सांगायचं कुठे जायचंय ते.