मदत हवी आहे: जुनी ऑटोमॅटिक, गरम झाली की गिअर घसरतो

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. गाडी बाबांची, २००४ची, चार गिअरची ऑटोमॅटिक. विकायला मन होत नाही.

सकाळी थंड असताना लोण्यासारखी चालते. चोर्ला घाट अर्धा चढला, की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं बोंबलतं, आरपीएमचा काटा साडेतीन हजारांवर, वेग मात्र वाढत नाही. मग धाडकन गिअर पडतो. रिव्हर्सलाही दोन-तीन सेकंद वाट बघायची. गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल बघायची पट्टी) पांढऱ्या फडक्यावर पुसली तर ऑइल लाल नाही, कोऱ्या चहासारखं काळपट, आणि वास जळका.

एका मेकॅनिकने पॅनही (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं तबक) न उघडता 'पूर्ण ओव्हरहॉल' सांगितलं. गिअरबॉक्सच्या ऑइलचं प्रेशर मोजायला गेज लावणार का विचारलं, तर हसला! दुसरा म्हणतो, नुसतं ऑइल बदला. माझा संशय झिजलेल्या क्लच प्लेटांवर आणि त्या दाबणाऱ्या पिस्टनच्या कडक झालेल्या रबरी सीलवर. ऑइल तापून पातळ झालं की तिथूनच प्रेशर गळत असणार. पण व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल कुठल्या क्लचला जायचं ते ठरवणारा भाग) किंवा त्यातला सोलेनॉइडही (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) असू शकतो ना?

गोव्यात किंवा बेळगावात आधी लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधलं ऑइलचं मुख्य प्रेशर) मोजून मगच गिअरबॉक्स उतरवणारं कुणी माहीत आहे का? सील किट कुठून मागवलंत तेही सांगा. चतुर्थीला गाडी घाटापलीकडे न्यायची आहे.