मदत हवी आहे : आईच्या पायाची जखम १४ महिने झाले भरतच नाहीये

नमस्कार मंडळी,
आईला (वय ६३) डाव्या पायाला, आतल्या घोट्याच्या जरा वर जखम आहे. सिलिंडर सरकवताना कड लागून नखाएवढं खरचटलं होतं, ते आता अर्ध्या तळहाताएवढं झालंय. सगळे आधी शुगरच विचारतात म्हणून सांगते, शुगर नाहीये, तीनदा तपासली. आईचं पोळी-भाजीचं काम आहे, २२ वर्षं ओट्याशी उभी. पायाच्या शिरा माझ्या लग्नाआधीपासूनच फुगलेल्या, घोट्याभोवतीची कातडी काळपट आणि लाकडासारखी कडक, पण दुखत नव्हतं ना, मग कोण बघतंय.

हळद-तूप झालं, कोरफड झाली, मग जवळच्या दवाखान्यात रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून ड्रेसिंग, फेस आला की आईला वाटायचं घाण निघतेय. अँटिबायोटिकचे तीन कोर्स. कडेने गुलाबी कातडी धरते आणि पंधरा दिवसांत परत चिघळतं. लस इतकी वाहते की संध्याकाळी परकराची कड वाळून कडक झालेली असते, आणि ती आम्ही बघायच्या आत धुऊन टाकते.

शेवटी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे नेलं. त्यांनी तिला उभं करून डॉपलर (शिरांमधलं रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी) केला. म्हणाले शिरांमधल्या झडपा गेल्यात, रक्त वर चढायच्या ऐवजी खाली साचतं, त्या दाबाने कातडी आतूनच खराब होते, मग वरून कुठलंही मलम लावा. दंडाचं आणि घोट्याचं प्रेशर मोजलं, रेशो १.०५ आला, म्हणजे धमन्या ठीक, घट्ट बांधलं तर चालेल. चार पदरी बँडेज, बोटांपासून गुडघ्यापर्यंत, आठवडाभर सोडायचं नाही. शिवाय शिरेला लेसर करा म्हणाले, म्हणजे खराब शीर आतून बंद करायची.

आता खरी अडचण. मावशीने फोनवर सांगितलं की एवढं आवळलं तर पाय काळा पडतो, झालं, तिसऱ्या रात्री आईने कात्रीने बँडेज कापून टाकलं! कोणाच्या घरी हे बँडेज टिकलंय का? आणि जखम उघडी असताना लेसर करतात का, की आधी भरू द्यायची?

प्रतिसाद :
ताई, माझं सलून आहे, ३० वर्षं उभा, माझी जखम दोन वर्षं होती. आवळल्यानेच भरली. मावशींचं अगदीच खोटं नाही, धमन्या बंद असल्या तर घट्ट बांधणं धोक्याचं, म्हणून तर तो रेशो काढतात, ०.८ च्या खाली असला तर डॉक्टर असं पूर्ण आवळत नाहीत. तुमच्या आईंचा चांगलाय. पण बोटं निळी, गार, बधिर झाली किंवा ठणका मारायला लागला तर लगेच दाखवायचं. पहिले आठ-दहा दिवस मलाही नको नको झालं, मग लस कमी झाली तशी झोप लागायला लागली. लेसर उघड्या जखमेतच केलं माझं. माझ्या डॉक्टरांनी इंग्लंडमधल्या ४५० पेशंटच्या अभ्यासाचं सांगितलं होतं, २०१८ चा, बँडेजसोबत लवकर शिरेचा इलाज केलेल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांची ८२.
नुसतं उभं राहणं वाईट, चालणं चांगलं, पोटरी हाच पंप आहे. मी एकेक गिऱ्हाईक झालं की टाचा वीस वेळा वर-खाली करतो, लोक हसतात. दुपारी पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं, खुर्चीवर लोंबकळत नाही.

प्रतिसाद :
वरच्या दादांना अनुमोदन. पेरॉक्साइड आजपासून बंद करा, नवीन येणारी कातडीपण जळते त्याने, साध्या पाण्याने धुवा. लालसरपणा पसरत नसेल, ताप नसेल तर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. आणि १४ महिने झालेत तर तुकडा तपासायचा का हे डॉक्टरांना विचाराच, कडा वर उचललेल्या दिसत असतील तर नक्कीच. जुन्या जखमेत क्वचित कॅन्सर निघतो. घाबरवत नाहीये.

धागाकर्ती :
दोघांचे खूप आभार. कडा सपाट आहेत, तरी विचारते. उद्या परत बांधायला नेतेय. आईला सगळं वाचून दाखवलं, मावशीचं नाव निघाल्यावर जरा फुरंगटली. मग म्हणाली, त्या सलूनवाल्यांना विचार, बँडेज बांधून दुकान चालू ठेवलं होतं का, माझे बावीस डबे आहेत.