कोल्हापूरच्या कळंबा जेलमध्ये पाळकांनी प्रार्थनाच घ्यावी, की जामिनाचे कागदही बघावेत?

रंकाळ्याचा वारा
तुरुंगसेवा म्हटलं की प्रार्थना, बायबलवाटप आणि नाताळचा केक, एवढ्यावर आपली चर्चेस थांबतात. माझं म्हणणं, तेवढाच वेळ जामिनाच्या कागदांना द्या. जामीन मंजूर होऊनही 15 हजारांचा जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहणारा माणूस गरिबीची शिक्षा भोगतोय. सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2023 ला यावर निर्देश दिलेत. जामीन होऊन सात दिवसांत सुटका नाही झाली तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनपत्र भरलं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. पाळकांनी खटला क्रमांक, कोर्ट, कलम आणि जामीन आदेशाची तारीख एवढं चिठ्ठीवर घेऊन कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात पोहोचवावं. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 बघा.

शाहूपुरीकर
पाळक आहेत ते, मुन्शी नव्हेत. जेलची परवानगी उपासनेसाठी मिळते. खटल्यांच्या याद्या करायला लागलात की पुढच्या महिन्यात गेटवरच थांबवतील. शिवाय ‘प्रार्थनेला बसलं की साहेब जामीन करून देतात’ ही बातमी बराकींत पसरायला वेळ लागत नाही. मग प्रार्थनेला गर्दी होईल आणि बाहेर धर्मांतराची ओरड. आणखी एक, वकिलाशी झालेलं बोलणं कायद्यानं गुप्त राहतं. पाळकाजवळ दिलेल्या कबुलीला ते संरक्षण नाही. त्यांना साक्षीला बोलावता येतं. कशाला त्या बिचाऱ्याला अडचणीत आणताय?

काळा कोट
कबुलीचा मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणून पहिलंच वाक्य ‘गुन्ह्याबद्दल मला काही सांगू नका’ असं हवं. खटला क्रमांक विचारणं म्हणजे गुन्हा विचारणं नव्हे.

आता खरी अडचण. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पहिल्याच गुन्ह्यातला, म्हणजे आधी कधी शिक्षा न झालेला बंदी कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत राहिला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं. बाकीच्यांना निम्मा काळ. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्याला एक वर्ष. अर्ज अधीक्षकांनी करायचा. पण फाशी किंवा जन्मठेपेचं कलम असेल तर हे लागू नाही, आणि दुसरा गुन्हा प्रलंबित असला तरी नाही. बंदी दुसऱ्या तालुक्यातली जुनी केस सांगत नाही, हिशेब फसतो तो इथं.

जामीनदाराकडं रेशनकार्ड, आधार, सातबारा किंवा घरफाळ्याची पावती मागतात, कधी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखलाही. बीडहून आलेल्या ऊसतोड मजुराचा सातबारा बीडला, माणसं बीडला. कोल्हापूरचाच जामीनदार हवा म्हटलं की तो अडकलाच. ती अट काढून घ्यायला किंवा रक्कम कमी करायला सत्र न्यायालयात अर्ज करता येतो. तिथं नाही जमलं तर उच्च न्यायालय. ऑगस्ट 2025 पासून त्याचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईचा हेलपाटा वाचला.

शाहूपुरीकर
आणि शेवटी सगळे पाळकांनाच म्हणणार, ‘साहेब, तुम्हीच जामीन राहा’!

काळा कोट
अजिबात राहू नये. आधी कितीजणांना जामीन राहिलाय ते प्रतिज्ञेवर सांगावं लागतं, आणि आरोपी पळाला तर बंधपत्र जप्त होतं. चर्चच्या निधीतनंही भरू नका. केंद्राच्या गरीब कैदी योजनेत (2023) कच्च्या बंद्यासाठी, म्हणजे खटला अजून चालू असलेल्यासाठी, 40 हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25 हजारांपर्यंत तरतूद होती. अंमली पदार्थ, भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याची प्रकरणं त्यातनं वगळलेली.

पंचगंगाघाट
झारखंडच्या कच्च्या कैद्यांसाठी फादर स्टॅन स्वामी कोर्टात गेले होते. पाद्र्यानं कागद हातात घेणं काही नवीन नाही.

शाहूपुरीकर
आणि 5 जुलै 2021 ला ते स्वतः कच्चे कैदी म्हणूनच वारले. हे उदाहरण देऊन तुम्ही आमच्या पाळकांना धीर देताय की भीती घालताय?

पंचगंगाघाट
अटक एल्गार परिषद प्रकरणात झाली. त्या याचिकेमुळं झाली असं सिद्ध नाही, उगाच जोडू नका.

मंगळवारातली ताई
भावांनो, बाहेरच्या बाईचं कुणी बोलंना झालंय. नवरा आत गेला की दोन महिन्यांत घरभाडं थकतं, पोरांची शाळा सुटते. गडहिंग्लजहून जेलमध्ये भेटीला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं, आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर तशीच परत. चर्चच्या पैशानं हे भागवा, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. फक्त ख्रिस्ती कुटुंबांपुरतं ठेवू नका, नाहीतर शाहूपुरीकरांचा आरोप खराच ठरेल.

शाहूपुरीकर
ताईंचं पटलं. याद्यांचं अजून नाही. अर्ज कुणाच्या सहीनं जाणार ते सांगा आधी.

काळा कोट
बंद्याच्या. वकीलपत्रावर तो आतच सही करतो किंवा अंगठा देतो, जेल अधिकारी साक्षांकित करतात. पाळकांचं नाव कुठंच येत नाही.