नवीन पोप आले पण माझ्या तोंडात अजून फ्रान्सिसच येतंय, कुणाचं असं होतंय का?

वसईची_लेक:
आमच्या घरी रोज रात्री रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते, शेवटी पोपसाठी प्रार्थना, आणि ती मीच सांगते. १२ वर्षं तिथे फ्रान्सिस हेच नाव घेतलं. इस्टरला टीव्हीवर त्यांना आशीर्वाद देताना बघितलं, किती थकलेले, आवाज निघत नव्हता, तरी गाडीतून लोकांमध्ये फिरले आणि दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिल २०२५ ला, गेले. मग मधल्या दिवसांत मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर पोपचं नाव न घेता थेट बिशपांच्या नावावर यायचे तेव्हा पोटात कालवायचं, घरातलं माणूस गेल्यावर ताट कमी मांडतो तसं. ८ मे ला रात्री साडेनऊनंतर नवे पोप निवडल्याचा पांढरा धूर निघाला, आम्ही सगळे टीव्हीपुढे. नव्या पोपचं लिओ हे नाव ऐकलं आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी रडूच आलं, एवढ्या लवकर कसं काय कुणी त्या जागेवर येऊ शकतं असं वाटलं. परवा रोझरीत मी परत फ्रान्सिसचंच नाव घेतलं, मुलगा म्हणाला आई ते गेले आता. वर विचारतो, पोप पवित्र आत्म्याच्या, म्हणजे देवाच्या, प्रेरणेने निवडतात म्हणतेस, पण १३३ कार्डिनलांनी, म्हणजे ज्येष्ठ धर्मगुरूंनी, चिठ्ठ्या टाकून निवडलं मग यात पवित्र आत्मा कुठे आला? मला नीट सांगता आलं नाही.

गिरीजचा_जुना:
ताई, रडू आलं त्यात पाप नाही काही. १९७८ ला मी शाळेत होतो, ऑगस्टमध्ये सहावे पॉल गेले, पहिले जॉन पॉल आले आणि ३३ दिवसांत तेही गेले, ऑक्टोबरमध्ये दुसरे जॉन पॉल. आमची आजी प्रार्थनेत तिघांची नावं घ्यायची, गेलेल्यांना शांती आणि असलेल्याला बळ मागायची, कुणी तिला थांबवलं नाही. तुम्हीही फ्रान्सिसचं नाव सोडू नका, फक्त जागा बदला, मृतांच्या प्रार्थनेत घ्या.

पुणे_कॅम्प:
मुलाच्या प्रश्नाबद्दल. चिठ्ठ्याच टाकतात हे खरंय, दोन तृतीयांश लागतात म्हणजे या वेळी ८९. पण प्रत्येक कार्डिनल चिठ्ठी टाकायच्या आधी मायकेलअँजेलोच्या अंतिम न्यायाच्या चित्रासमोर उभा राहून शपथ घेतो की माझा न्याय करणारा ख्रिस्त साक्षी आहे, देवासमोर जो योग्य वाटतो त्यालाच मी मत देतोय. आपले गोव्याचे कार्डिनल फेर्रांव पण होते त्यांच्यात. पवित्र आत्मा हात धरून नाव लिहून देत नाही, माणसानेच ऐकायचं असतं आणि माणूस कधी ऐकत पण नाही, इतिहासात वाईट पोप झालेत ते झाकायचं कशाला. मुलाला हे असंच सरळ सांगा, पोरांना कळतं.
आणि लिओ नाव आपल्याला परकं नाहीये हो, तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये कामगारांच्या हक्काचं परिपत्रक काढलं, नव्या पोपनी नाव घेतलं त्याचं मोठं कारण तेच. आणि आमच्या पुण्याची पेपल सेमिनरी, धर्मगुरू घडवणारी संस्था, पण तेराव्या लिओंचीच, १८९३ ला श्रीलंकेतल्या कँडीला सुरू केली, १९५५ ला इथे आली. भारतातले धर्मगुरू भारतातच घडावेत हा त्यांचा आग्रह.

शेजारधर्म:
मी हिंदू आहे, शाळा कॉन्व्हेंटची म्हणून वाचते इथे. त्या रात्री आमच्याकडे जम्मूच्या बातम्या चालू होत्या, ड्रोन, ब्लॅकआऊट, माझा भाऊ तिकडे ड्युटीवर, जीव नुसता टांगणीला. चॅनल बदलताना हे नवे पोप बाल्कनीत दिसले आणि पहिलंच वाक्य तुम्हा सर्वांना शांती असो. मी तिथेच थांबले. एवढंच सांगायचं होतं.

वसईची_लेक:
ताई तुमचा भाऊ सुखरूप आहे ना? लिओंनी ११ तारखेला रविवारच्या प्रार्थनेनंतर भारत पाकिस्तानच्या युद्धविरामाबद्दल समाधान व्यक्त केलं ते मी ऐकलं आणि तेव्हा पहिल्यांदा आत काहीतरी हललं. फ्रान्सिस पण असेच, गाझाच्या चर्चला रोज संध्याकाळी फोन करायचे. काका, तुमच्या आजीचं पटलं. आज रोझरीत दोघांची नावं घेतली, आधी लिओ, मग मृतांमध्ये फ्रान्सिस. तिथे आवाज कापला, मग मुलाने पुढचं म्हटलं.

शेजारधर्म:
हो ताई, सुखरूप आहे. काल फोन आला.