मदत हवी आहे: भट्टीवरच्या कामगारांना मोबाईलवरून सेफ्टी कशी शिकवावी?

नमस्कार मंडळी. जालना एमआयडीसीत एका सळईच्या कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. वर्ग भरवायचा म्हटलं की एक पाळी झोपलेली, दुसरी भट्टीवर, आणि ठेकेदाराची माणसं सारखी बदलणारी. म्हणून ऑनलाइन प्रशिक्षणाचं ठरतंय. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १११-अ ने प्रशिक्षण हा कामगाराचा हक्कच ठरवला होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली), पण ते पोचवायचं कसं?

पाहिलेले बरेचसे कोर्स इंग्रजीत, तेही ऑफिसातल्या माणसासाठी. लिफ्टऐवजी जिना वापरा, असले. आमचा धोका निराळा. इंडक्शन भट्टीत (विजेवर भंगार वितळवणारी भट्टी) ओलं भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा गेला, की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते अन् वितळलेलं लोखंड अंगावर उसळतं. पावसाळ्यात याचीच धास्ती. मे महिन्यात उन्हाची भर पडते ती वेगळीच.

भंगार निवडणं, दुरुस्तीआधी वीज तोडून स्विचला कुलूप लावणं, यावर मराठी-हिंदीत छोटे व्हिडिओ कुणी बनवलेत का? (निम्मे लोक बिहार-यूपीचे आहेत.) शेडमध्ये रेंज नसते, तेव्हा डाउनलोड करून चालणारे हवेत.

दुसरं म्हणजे, शिकला की नुसतं बटण दाबून सर्टिफिकेट काढलं, हे कसं ओळखता? व्हिडिओनंतर मुकादमासमोर प्रत्यक्ष करून दाखवायला लावावं, असं मला वाटतं. आणि हा वेळ पाळीतच धरावा. ठेकेदार त्यावर कुरकुरतोय. वाळूज, शेंद्र्याच्या एमआयडीसीत तुम्ही ठेकेदारांना कसं पटवलं?