‘फिल्टर फेल्ड’ हा मेसेज नक्की कुठल्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये शोधायचा?

म्हापसा_डीटीपी:
नमस्कार मंडळी. काकांचं म्हापशाला झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, तिथला कॉम्प्युटर मी डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) नेलाय, प्रिंटर जुना, पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा समजणारा लेझर. आम्ही स्वतः लिब्रेऑफिसात केलेलं सगळं छापतं, पण गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतं त्यातली एखादी अशी अडकते की नुसतं ‘फिल्टर फेल्ड’ येतं आणि पुढे ढिम्म काही नाही. शुक्रवारी बाजाराला आलेली माणसं दुकानात उभी, त्यात चवथ जवळ आली म्हणजे आरत्या, भजनाची पत्रकं, सगळ्यांना आत्ताच्या आत्ता पाहिजे, आणि काका म्हणतात तुझं ते डेबियन काढ आणि जुनं होतं ते परत घाल.

उपाय मिळाला तर हवाच आहे, पण मला खरं म्हणजे हे शोधतात कसं ते शिकायचंय. कोड उघडा आहे ना, मग मेसेज कुठून येतो ते दिसायला पाहिजे की नको? गिटहबवर ते दोन शब्द टाकले तर रिझल्टचा पूर, त्यातले निम्मे भलत्याच कुठल्या फोटो फिल्टरचे. कप्स, कप्स-फिल्टर्स, घोस्टस्क्रिप्ट, पॉपलर अशी छपाईच्या आणि पीडीएफच्या प्रोग्रॅमांची नावं कळली, यातल्या कुठल्यात घुसू? का सगळ्यांत एकदम शोधता येतं?

अंत्रुजकर:
एकदम शोधता येतं, पण आधी शोधायचं काय ते ठरव. ‘फिल्टर फेल्ड’ हे बोलतं कप्स, म्हणजे छपाईची कामं सांभाळणारा प्रोग्रॅम, पण चूक बहुतेक वेळा त्याची नसते. कप्स हा नुसता मुकादम. तो पीडीएफ एका फिल्टरकडे देतो, त्याचं आउटपुट पुढच्याकडे, असं करत प्रिंटरला समजेल त्या भाषेत आणतो, आणि मधलाच एखादा आडवा पडला की वर येऊन सांगतो काम झालं नाही. त्या दोन शब्दांवर कोड शोधलास तर मुकादमाच्या दारात पोचशील, पडला कोण ते कळणारच नाही.

म्हणून पहिल्यांदा ‘कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग’ चालव, तीच पीडीएफ परत छापायला दे आणि मग व्हार, लॉग, कप्स या फोल्डरातली एरर_लॉग उघड. फाइल भली मोठी होते, घाबरू नकोस. त्यात ‘पीआयडी अमुक (फिल्टरचा पूर्ण पाथ) स्टॉप्ड विथ स्टेटस १’ अशी ओळ सापडेल, कंसात असेल तो पडलेला फिल्टर. तो पूर्ण पाथ ‘डीपीकेजी -एस’ला दे, तो कुठल्या पॅकेजचा ते लगेच कळतं. म्हणजे कुठल्या प्रोजेक्टमध्ये घुसायचं याचं उत्तर कोड न उघडताच मिळालं.

आता सर्च. डेबियन कोड सर्च म्हणून साइट आहे, मायकेल स्टापेलबर्गने २०१२ मध्ये सुरू केली, डेबियनमधल्या सगळ्या पॅकेजांचा सोर्स एका जागी, रेग्युलर एक्सप्रेशन म्हणजे नमुना देऊन शोधायच्या सोयीसकट. कप्स, घोस्टस्क्रिप्ट, पॉपलर सगळे तिथेच, कुणाचा कोड कुठल्या सर्व्हरवर आहे ते तुला ठाऊक असायची गरज नाही. पण लॉगमधली अख्खी ओळ तिथे चिकटवू नकोस, काही मिळणार नाही, कारण नंबर आणि पाथ चालताना भरले जातात, कोडमध्ये त्या जागी टक्का-डी आणि टक्का-एस असतं. न बदलणारा तुकडा तेवढा उचल, इथे ‘स्टॉप्ड विथ स्टेटस’. तरी ढीग आला तर ‘पॅकेज:’ लिहून पुढे पॅकेजचं नाव दे. अनुवादाच्या पीओ फाइली पण मधे मधे येतात, त्या ‘-पाथ:’ लावून उडवायच्या.

रायबंदर_जेटी:
अंत्रुजकर बाबांनी सांगितलं ते बरोबरच, पण एक लक्षात ठेव. ती साइट डेबियनची अनस्टेबल, म्हणजे अजून घडत असलेली शाखा दाखवते आणि दुकानात तू स्टेबल टाकलं असशील. तिथे दिसतो तो कोड आणि तुझ्या मशीनवर चालतो तो कोड यात फरक असू शकतो, लाइन नंबर तर धरूच नकोस. जागा सापडली की ‘ॲप्ट सोर्स’ने आपल्याच व्हर्जनचा सोर्स उतरवून घे (सोर्सच्या यादीत डेब-एसआरसी चालू पाहिजे) आणि त्यात रिपग्रेप (फोल्डरभर मजकूर शोधणारं टूल) मार. फक्त रिपग्रेप गिटइग्नोरमधल्या, लपलेल्या आणि बायनरी फाइली आपणहून गाळतो, काहीच मिळत नाही असं वाटलं तर ‘-यूयूयू’ लावून परत बघ.

गिटहबचं नवं कोड सर्च २०२३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, चांगलंच आहे, नेमकं वाक्य अवतरणचिन्हांत आणि रेग्युलर एक्सप्रेशन दोन तिरप्या रेघांत टाकायचं. पण लॉगिन लागतं, रिपॉझिटरीची (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्याची) मुख्य शाखा तेवढीच शोधतं, आणि सगळं जग काही गिटहबवर नाही. ग्नोम आणि केडीई आपापल्या गिटलॅबवर बसलेत, घोस्टस्क्रिप्टचा मूळ सर्व्हर वेगळा. गिटहबवर नाही म्हणजे कुठेच नाही असं समजून लोक सोडून देतात.

(थोडं विषयांतर. गूगलचं पण असं एक कोड सर्च होतं, २००६ला आलं, २०१२च्या जानेवारीत बंद केलं. ते बांधणाऱ्या रस कॉक्सने मग आतली युक्ती लिहून काढली आणि डेबियनवालं त्याच्यावरच उभं राहिलं. युक्ती अशी की प्रत्येक फाइलमधल्या तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांची सूची करून ठेवायची, तू शोधायला दिलेल्या शब्दाचे तुकडे ज्या फाइलींत आहेत तेवढ्याच उघडायच्या, बाकीच्यांना हातच लावायचा नाही. म्हणून दोन अक्षरं शोधायला देऊन उपयोग नसतो.)

आणि कोडमधली एखादी ओळ कधी आली, कुणी का घातली हे पाहिजे असेल तर रिपॉझिटरी क्लोन करून ‘गिट लॉग -एस’ आणि पुढे तो मजकूर. ती ओळ घालणारा किंवा काढणारा कमिट (नोंदवलेला बदल) येतो, कमिटच्या मेसेजमध्ये पुष्कळदा कारण असतं. मी तर आधी तेच वाचतो, कोड नंतर.

सत्तरीतली_मीरा:
तुम्ही सगळे थेट कोडमध्ये उड्या मारताय, त्याआधी डॉक्युमेंटेशन कुणी वाचत नाही का रे 😄 आमच्या वाळपईत पाऊस लागला की नेटचा भरवसा नसतो, म्हणून मला मशीनवर आधीच असलेलं शोधायची सवय लागली. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पोर्ट ६३१ उघड, कप्सची सगळी मदत तिथेच आहे, सर्चसकट, नेटशिवाय. नाव आठवत नसेल तर ‘मॅन -के’ आणि एखादा शब्द. आणि यूएसआर, शेअर, डॉक या फोल्डरात प्रत्येक पॅकेजचं रीडमी असतं, कुणी बघत नाही तिथे, त्यातल्या बऱ्याच फाइली जीझेड असतात म्हणून साधा ग्रेप चालत नाही, झेडग्रेप घ्यायचा. पीडीएफ गिऱ्हाईकांच्याच आणि अडकतात पण एखाद्याच, म्हणजे फॉन्टची भानगड असेल असं वाटतं. पॉपलरच्या टूल्समध्ये ‘पीडीएफफॉन्ट्स’ आहे, फाइलमध्ये कुठले फॉन्ट आहेत ते दाखवतं, ते चालवून बघ.

म्हापसा_डीटीपी:
मीराताई, फॉन्टच निघाला! लॉगमध्ये पडलेला फिल्टर ‘पीडीएफटूपीएस’, पॅकेज कप्स-फिल्टर्स, आणि त्याच्या जरा वर घोस्टस्क्रिप्टचं ‘इनव्हॅलिडफॉन्ट’, म्हणजे मेसेज एकाचा, फिल्टर दुसऱ्याचा आणि रडणारा तिसराच. मग कप्स-फिल्टर्सच्या रीडमीत झेडग्रेपने ‘रेंडरर’ शोधलं तर ‘पीडीएफटूपीएस-रेंडरर’ नावाचा ऑप्शनच मिळाला, घोस्टस्क्रिप्टऐवजी पॉपलरकडून काम करून घेता येतं म्हणे. हे एकाच फाइलसाठी लावता येईल का? सगळ्याला लावलं आणि चालू असलेलं बिघडलं तर काका मला घरात घेणार नाहीत.

अंत्रुजकर:
येईल की. ‘एलपी -ओ’ आणि पुढे ‘पीडीएफटूपीएस-रेंडरर=पीडीएफटूपीएस’, शेवटी फाइलचं नाव (बरोबरच्या चिन्हापुढचा पीडीएफटूपीएस पॉपलरचा, पडलेला फिल्टर वेगळा, नाव तेवढं एकच). अडकणाऱ्या दोन-चार पीडीएफ अशा छापून बघ, नीट आल्या तर मग ‘एलपीॲडमिन’ने त्या प्रिंटरला कायमचं लाव, तिथे ऑप्शनच्या नावाला शेवटी ‘-डिफॉल्ट’ जोडायचं. जोडाक्षरं आणि रफार नीट आलेत का ते कागदावर बघून घे, स्क्रीनवर नको. झालं की ‘कप्ससीटीएल --नो-डीबग-लॉगिंग’ करायला विसरू नकोस, नाहीतर लॉग फुगत राहील. आणि घोस्टस्क्रिप्टकडे बग टाकणार असशील तर गिऱ्हाईकाची पीडीएफ तशीच जोडू नकोस, लोक झेरॉक्सला आधार कार्डसुद्धा पाठवतात. तोच फॉन्ट घालून ‘श्री गणेशाय नमः’ एवढं एक पान बनव, ते अडकलं तर तेच जोड.

म्हापसा_डीटीपी:
देव बरें करूं सगळ्यांचं. पहिली फाइल छापली, रफार जागेवर आहेत. बाकीच्या उद्या दुकान उघडल्यावर बघतो.